नौका-परीक्षक कोणाचा?

घर बांधावयाचे असले म्हणजे माणूस आधी पाया पाहतो, लग्न जुळवावयाचे असले म्हणजे स्थळाची दहा ठिकाणी चौकशी करतो, आणि बैल घ्यावयाचा असला म्हणजे त्याचे दात मोजल्यावाचून पैसे मोजीत नाही. व्यवहारातील ही जुनी सावधगिरी होडी किंवा मचवा विकत घेण्याच्या वेळी मात्र पुष्कळांना सोडून जाते. ह्याचे कारण उघड आहे. घराचा पाया उकरून पाहता येतो, बैलाचा जबडा उघडून पाहता येतो; परंतु नौकेचा जो भाग तिच्यातील माणसांचे प्राण तोलून धरतो, तो नेमका पाण्याखाली असतो. वर दिसतो तो ताजा रंग, नाळेवर घातलेला झेंडूचा हार, आणि मालकाचा हसरा चेहरा. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ही म्हण जमिनीवर जितकी खरी, त्याहून पाण्यावर अधिक खरी आहे.

कळव्याच्या खाडीकाठी राहणाऱ्यांना पाण्याची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. एका अंगास पारसिकचा डोंगर, पलीकडे ठाणे शहर, आणि मध्ये दिवसातून दोनदा भरणारी व दोनदा ओसरणारी खाडी, अशी ह्या गावाची ठेवण आहे. १८५४ साली आगगाडी ठाण्याहून पुढे कल्याणपर्यंत गेली, ती ही खाडी ओलांडूनच. आज खाडीवरून गाड्या व मोटारी अखंड धावतात. तरीही चेंदणीच्या कोळीवाड्यापासून पुढे खाडीच्या काठाकाठाने जुन्या कोळी व आगरी वस्त्या आहेत, आणि ‘नाखवा’ हा शब्द अद्याप तेथे मानाचा आहे.

अशा ठिकाणी एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. दोन भाऊ आहेत. थोरला नोकरीतून निवृत्त झालेला, धाकटा खाडीवर वाढलेला. उरणजवळच्या करंजा बंदरात एक बारा वर्षांचा लाकडी मचवा विक्रीस आहे, असे त्यांच्या कानी येते. थोरल्याच्या भविष्यनिर्वाह निधीची रक्कम, घरातील बाईच्या पाटल्या आणि पतपेढीचे कर्ज, एवढे सारे मिळून किंमत जमते. मचवा डौलदार दिसतो. तरीही थोरला भाऊ म्हणतो, ‘जाणत्या माणसाकडून एकदा तपासून घेऊ.’ विकणारा लगेच उत्तरतो, ‘दादा, तुम्ही कशाला धावपळ करता? आमच्या ओळखीचे साहेब आहेत. उद्याच येऊन बघतील. त्यांची फीसुद्धा आम्हीच देऊ.’

ह्या एका वाक्यात सौजन्य आहे, सोय आहे आणि बचतही आहे. परंतु धोकाही नेमका ह्याच वाक्यात आहे. विकणारा लबाडच असेल असे नव्हे. पण जो परीक्षक त्याचा माणूस आहे, तो त्याच्याच बाजूने पाहणार. नौकेची परीक्षा कशी करावी हा शास्त्राचा प्रश्न होय. ती कोणाकडून करवून घ्यावी हा त्याआधीचा प्रश्न आहे, आणि तोच अधिक महत्त्वाचा आहे.

बंदरावर ज्याला ‘मरीन सर्व्हेअर’ म्हणतात, त्या परीक्षकाच्या धंद्याचा उगम पाहिला तर ही गोष्ट चटकन ध्यानात येते. लंडनमध्ये एडवर्ड लॉइड नावाच्या गृहस्थाचे एक कॉफीगृह होते. जहाजांचा विमा उतरविणारे व्यापारी तेथे जमत. कोणते जहाज भक्कम व कोणते डळमळीत, हे कळल्यावाचून विम्याचा हप्ता ठरविणे म्हणजे अंधारात तीर मारणे होते. म्हणून १७६० साली ह्या व्यापाऱ्यांनी मंडळ स्थापून जहाजांची प्रतवारी लावण्याची पद्धत सुरू केली. म्हणजे आरंभीचा परीक्षक हा विमेवाल्यांचा डोळा होता. खरेदीदाराचा नव्हे, खलाशाचा तर नव्हेच. खलाशाच्या जिवाची काळजी कायद्याने घेण्यास पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली. जुनीपुराणी जहाजे भरमसाट माल लादून समुद्रात सोडावयाची, बुडाली तर विम्याची रक्कम घ्यावयाची, असा व्यवहार इंग्लंडात चालत असे. सॅम्युएल प्लिम्सॉल ह्या पार्लमेंटच्या सभासदाने त्याविरुद्ध गिल्ला केला, तेव्हा १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या अंगावर भाराची रेषा काढणे आवश्यक ठरले. ती रेषा नेमकी कोठे असावी, हे कायद्याने ठरण्यास मात्र १८९० साल उजाडावे लागले.

आज आपल्याकडे नौका पाहणारे लोक चार प्रकारचे आहेत, आणि त्या चौघांचे धनी चार आहेत.

पहिला सरकारी परीक्षक. अंतर्गत जलमार्गांवरील यंत्रचलित नौकांसाठी १९१७ चा जुना कायदा होता. त्याची जागा आता २०२१ च्या कायद्याने घेतली आहे. त्यानुसार नौकेची नोंदणी आणि पाहणीचे प्रमाणपत्र आवश्यक असते. सरकारी परीक्षक कायद्यातील किमान अटी पुऱ्या झाल्या आहेत किंवा नाहीत, एवढे पाहतो. त्या दिवशी ती नौका नियमात बसली, असे त्याचे प्रमाणपत्र सांगते. मागितलेल्या किंमतीस ती योग्य आहे, असे ते सांगत नाही. दुसरा वर्गीकरण संस्थेचा परीक्षक. मुंबईत पवई येथे मुख्यालय असलेली ‘इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग’ ही अशी संस्था असून ती १९७५ साली स्थापन झाली. नौका संस्थेच्या तांत्रिक नियमांस धरून बांधलेली व राखलेली आहे की नाही, हे तेथील परीक्षक पाहतात. परंतु लहान मचवे व होड्या बहुधा त्यांच्या यादीत नसतात. तिसरा विम्याचा परीक्षक. हानी झाल्यावर ती किती झाली व कशामुळे झाली, हे तो ठरवितो. त्याचा अहवाल विमा कंपनीकडे जातो. चौथा स्वतंत्र परीक्षक. त्याला जो नेमील, त्याच्यासाठी तो पाहतो. खरेदीदारास हवा तो हा चौथा, आणि तोही स्वतः नेमलेला.

धनी दुसरा असला म्हणजे उत्तम कारागीरही कसा उपयोगी पडत नाही, ह्याचे उदाहरण ह्याच खाडीच्या परिसरात घडलेले आहे. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण व भिवंडी हस्तगत केली, आणि कल्याणच्या खाडीत मराठी आरमाराच्या बांधणीस प्रारंभ झाला. ह्या कामासाठी त्यांनी रुय लैतांव व्हियेगस ह्या पोर्तुगीज कारागिरास व त्याच्या हाताखालील माणसांस नेमले. हे लोक आपल्या विद्येत निपुण होते, ह्यात शंका नव्हती. परंतु हे आरमार उद्या आपल्यावरच उलटेल, हे वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ओळखले आणि आपल्या लोकांना परत बोलाविले. कारागीर काम सोडून निघून गेले. महाराज त्यावाचून अडून राहिले नाहीत, आरमार उभे राहिलेच. तथापि बोध स्पष्ट आहे. माणसाचे कसब पाहावेच, पण त्याच्या निष्ठेची दोरी कोणाच्या हातात आहे, हे त्याआधी पाहावे.

तेव्हा करंजाच्या मचव्याकडे निघालेल्या त्या भावांनी परीक्षक कसा निवडावा? प्रथम, विकणारा, मध्यस्थ दलाल आणि दुरुस्तीचा कारखाना ह्या तिघांनी सुचविलेले नाव नम्रपणे बाजूस ठेवावे. दलालाचे पोट सौदा जुळण्यावर अवलंबून असते, कारखान्याचे दोष सापडण्यावर. एकाला सारे उत्तम दिसते, दुसऱ्याला सारे मोडके. ज्या नाखव्यांनी गेल्या दोन-चार वर्षांत तशाच नौका घेतल्या, त्यांस विचारावे. विशेषतः एक प्रश्न विचारावा: ‘त्या परीक्षकाने तुम्हाला एखादी नौका घेऊ नका असे कधी सांगितले होते काय?’ ज्याच्या तोंडून उभ्या आयुष्यात नकार निघाला नाही, त्याच्या होकारास काय किंमत?

दुसरी गोष्ट, त्याची विद्या नेमकी कशातील आहे, हे पाहावे. विम्याच्या हानीची पाहणी करणाऱ्यांस विमा नियामक प्राधिकरणाचा परवाना लागतो, आणि त्या परवान्यावर शाखा लिहिलेल्या असतात. त्यात सागरी माल ही एक शाखा व नौकेचा सांगाडा ही दुसरी शाखा. भिजलेल्या साखरेच्या पोत्यांचे नुकसान अचूक ठरविणारा गृहस्थ मचव्याच्या तळाची परीक्षा करू शकेलच, असे नाही. डोळ्यांच्या वैद्याकडे दात दाखविण्यासारखेच ते होय. त्यातही लाकूड, पोलाद व फायबर ह्या तीन निरनिराळ्या विद्या आहेत. पोलादी बार्जांवर केस पिकविलेल्या माणसाला लाकडाची भाषा येतेच असे नाही.

तिसरी गोष्ट, त्याने पूर्वी लिहिलेला एखादा अहवाल, नावगाव झाकून, वाचावयास मागावा. ‘नौका वयाच्या मानाने ठीक’ एवढ्या गुळमुळीत शब्दांत ज्याचा अहवाल संपतो, त्यास दुरून नमस्कार करावा. चांगल्या अहवालात प्रत्येक भाग निराळा लिहिलेला असतो, छायाचित्रे असतात, आणि दोषांची प्रतवारी असते: कोणता दोष पाण्यात जाण्यापूर्वीच दुरुस्त केला पाहिजे, कोणता वर्षभरात, आणि कोणता सवडीने. सर्वांत मोठी खूण म्हणजे, कोणता भाग पाहता आला नाही, हेही त्यात लिहिलेले असते. जो आपल्या नजरेची मर्यादा सांगतो, त्याच्याच नजरेवर भरवसा ठेवावा.

चौथी गोष्ट फीची. ती ठरावीक रकमेत, आगाऊ व लेखी ठरवावी. सौदा झाला तरच फी, किंवा किंमतीच्या अमुक टक्के फी, असा करार कधीही करू नये. तसे केल्यास आपणच नेमलेला माणूस आपल्याच पैशाने विकणाऱ्याच्या बाजूस ढकलला जातो. पाचवी गोष्ट, जेथे विमा उतरवावयाचा, त्या कंपनीस आधीच विचारावे, की ह्या परीक्षकाचा अहवाल तुम्हाला चालेल काय? नाहीपेक्षा एकाच तपासणीचे पैसे दोनदा मोजण्याची पाळी येते.

आता प्रत्यक्ष परीक्षेकडे वळू. परीक्षक आला, त्याने धक्क्यावर उभे राहून मचव्याभोवती नजर फिरविली, चहा घेतला आणि कागद लिहिला, ह्यास परीक्षा म्हणत नाहीत. आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. ह्याचा लाभ घेऊन मचवा ओहोटीला कोरडा पाडता येतो, किंवा सरळ किनाऱ्यावर ओढून घेता येतो. तळ कोरडा करून, शेवाळ व चिकटलेले शिंपले खरवडूनच परीक्षा झाली पाहिजे. बाजारात मडके घेणारी बाई त्यावर टिचकी मारून कान देते. परीक्षक तेच लहान हातोडीने करतो. घट्ट लाकूड खणखणीत उत्तर देते, कुजलेले भद्द आवाज काढते. संशय आला तेथे तो टोकदार हत्यार दाबून पाहतो.

श्रोत्यांपैकी पुष्कळांना आश्चर्य वाटेल, पण लाकडी नौका समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाच्या पाण्याने अधिक कुजते. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला खारे पाणी मानवत नाही. गोडे पाणी मात्र मानवते. म्हणून जाणता परीक्षक तळाइतकेच लक्ष वरच्या फळ्यांच्या सांध्यांकडे, नाळेच्या कोपऱ्यांकडे आणि जेथे पावसाचे पाणी साचते व वारा खेळत नाही अशा अंधाऱ्या जागांकडे देतो. खाऱ्या पाण्याचा शत्रू निराळा. लाकूड पोखरणारा एक जलचर अळीसारखा दिसतो, पण तो शिंपल्याच्या कुळातील आहे. तो बाळपणी लाकडात शिरतो, त्यामुळे बाहेरचे छिद्र टाचणीच्या डोक्याएवढेच राहते. आत मात्र तो वाढत जातो आणि बोटाएवढे बोगदे कोरतो. वरून गुळगुळीत दिसणारी फळी आतून मधाच्या पोळ्यासारखी झालेली असते. खिळ्यांचीही तीच गत. लोखंडी खिळा गंजला म्हणजे स्वतः तर झिजतोच, शिवाय भोवतीचे लाकूडही मऊ करून टाकतो.

म्हणून वयावरून नौकेची किंमत करू नये. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी मलबारी सागवानाचे ‘ट्रिंकोमाली’ नावाचे जहाज बांधले व ते १८१७ साली पाण्यात लोटले. आज दोनशे वर्षे उलटून गेली तरी ते इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगत आहे. उलटपक्षी हयगय झालेला मचवा थोड्याच पावसाळ्यांत मोडीत निघतो. प्रश्न वयाचा नसून निगेचा आहे.

फायबरच्या होडीत कुजणे नाही, म्हणून ती बिनघोर, असाही एक समज आढळतो. तिच्या थरांत हळूहळू पाणी मुरते व अंगावर बारीक फोड येतात. परीक्षक ओलावा मोजण्याचे यंत्र लावून हे पाहतो, आणि ठोकून थर सुटले आहेत काय ते ऐकतो. नवा रंग असला तर फोड झाकले जातात. म्हणून विक्रीच्या तोंडावर दिलेला रंग ही संशयाची जागा समजावी. पोलादी नौकेच्या पत्र्याची जाडी ध्वनिलहरींच्या यंत्राने जागोजाग मोजावी लागते, कारण गंज बहुधा आतील बाजूने, साचलेल्या पाण्यापाशी लागतो.

इंजिनाचा विचार वेगळा करावा. सांगाड्याचा परीक्षक इंजिन उघडून पाहीलच असे नाही. ते आधीच विचारून, गरज पडल्यास जाणता यंत्रकारागीर निराळा न्यावा. इंजिन गार असताना सुरू करावयास सांगावे. येण्यापूर्वीच तापवून ठेवलेले इंजिन आपली खोड लपविते. मग भार घालून पाण्यावर फेरी मारावी व धुराकडे पाहावे. काळा धूर इंधन पुरते जळत नाही किंवा इंजिनावर ताण अधिक आहे असे सांगतो, निळा धूर वंगणाचे तेल जळत आहे असे सांगतो, आणि इंजिन तापल्यावरही राहणारा पांढरा धूर न जळलेल्या इंधनाची किंवा आत शिरलेल्या पाण्याची शंका उत्पन्न करतो.

शेवटी जीवरक्षक साधने मोजावीत. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. खवळलेला समुद्र कोणाही परीक्षकाच्या हातचा नाही. परंतु नौकेवर जितकी माणसे तितकी तरंगती जाकिटे आहेत की नाहीत, ती फाटकी आहेत की धड, आणि संकटात पटकन हाती येतात की कुलपात आहेत, एवढे पाहणे सर्वस्वी माणसाच्या हातचे आहे.

परीक्षेच्या वेळी खरेदीदाराने स्वतः हजर राहावे. अहवालात जे दहा ओळींत येते, ते हातोडीचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकला म्हणजे क्षणात पटते. अहवाल हाती आल्यावर तो कपाटात ठेवून देऊ नये. ह्यास कायद्याचेही कारण आहे. १९६३ च्या सागरी विमा अधिनियमात असे तत्त्व आहे, की मुदतीच्या विम्यात मालकाने जाणूनबुजून अयोग्य अवस्थेतील नौका समुद्रात पाठविली आणि त्या दोषामुळेच हानी झाली, तर विमा कंपनी ती भरून देण्यास बांधलेली नाही. म्हणजे दोष सांगणारा कागद हाती असून दुरुस्ती केली नाही, तर तोच कागद उद्या मालकाविरुद्ध साक्ष देतो.

आता पुन्हा त्या दोघा भावांकडे यावे. त्यांनी विकणाऱ्याचे आभार मानले आणि आपला परीक्षक आपल्या खर्चाने नेला, असे धरू. ओहोटीला मचवा कोरडा पडला, तळाच्या चार फळ्या भद्द वाजल्या, नाळेजवळचे लाकूड टोच्याखाली दबले. अहवालाबरोबर दुरुस्तीचा अंदाजही आला. आता त्यांच्यापुढे तीन वाटा आहेत: दुरुस्तीची रक्कम किंमतीतून वजा करून घ्यावी, विकणाऱ्याकडून दुरुस्ती करवून पुन्हा परीक्षा घ्यावी, किंवा सौदा सोडून द्यावा. तिसरी वाट धरली, तर परीक्षकाची फी ‘फुकट गेली’ असे शेजारी म्हणतील. ते खरे नव्हे. त्या फीच्या मोबदल्यात घरातील पाटल्या घरातच राहिल्या, पतपेढीचे कर्ज डोक्यावर बसले नाही, आणि धाकटा भाऊ पहिल्या पावसाळी वाऱ्यात चार सडक्या फळ्यांच्या भरवशावर समुद्रात गेला नाही. ज्या परीक्षकाने नको म्हटले, त्यानेच घरादाराचे सर्वाधिक हित केले. आणि तो नको म्हणू शकला, कारण तो त्या घराने स्वतः नेमलेला होता.